चढावर उतरलो, पण माघारी फिरलो नाही

“या वयात डोंगरातनं सायकल? आणि तीबी तीन दिवस? तुमचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?”

शर्यतीचा फॉर्म घरी आणला त्या संध्याकाळी पत्नीने विचारलेला हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न थोरल्या मुलीचा होता, “पप्पा, फी किती?” आणि तिसरा मी स्वतःलाच विचारला. सेहेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर टेबलाशी बसून आकडे लिहिणाऱ्या कारकुनाने हे धाडस कशासाठी करावे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाचकांना प्रामाणिकपणे द्यावीत, म्हणून हा लेख.

सुरुवात शर्यतीपासून झाली नाही, ती रक्ताच्या तपासणीपासून झाली. दोन वर्षांपूर्वी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करण्याआधी सहा महिने रोज घाम गाळून बघा. चालायला गेलो तर गुडघा बोलू लागला. मग माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली.

आपल्या घरांत सायकल ही काही नवलाची वस्तू नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीत, शाहू मिलमध्ये, शिरोलीच्या कारखान्यांत जाणारा माणूस वर्षानुवर्षे सायकलवरूनच गेला. हँडलला डबा, कॅरिअरवर पिशवी, पुढच्या दांडीवर पोरगं. माझे वडील फौंड्रीत होते. त्यांची डबल बारची काळी सायकल आम्हा भावंडांना अजून आठवते. ते एक गोष्ट नेहमी सांगत. नवी सायकल घेऊन ते पहिल्यांदा गावी गेले, तेव्हा एका वाड्यासमोर त्यांना सायकलवरून उतरून हातात धरून चालावे लागले होते. बसून पुढे जायची आपल्या माणसांना मुभा नव्हती. वडील ही गोष्ट रागाने सांगत नसत, पण सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसत.

सराव आणि हिशेब

डोंगरात चालवायची सायकल वेगळी असते. तिचे टायर रुंद आणि खाचांचे, हँडल सरळ, पुढच्या फोर्कला धक्के झेलणारे सस्पेन्शन, चाकाला डिस्क ब्रेक. नव्या चांगल्या सायकलीची किंमत ऐकून मी दुकानातून तसाच बाहेर आलो होतो. शेवटी वापरलेली एक सायकल सोळा हजारांना मिळाली. पतसंस्थेतून कर्ज काढले आणि दरमहा हप्ता लावून घेतला. हेल्मेट, हातमोजे, एक जादा ट्यूब, पंप आणि शर्यतीची फी धरून आणखी सहा हजार गेले. मी बी.कॉम. झालेला माणूस, त्यामुळे हे सगळे वहीत लिहिले आहे. पत्नीने ती वही वाचली आणि दिवाळीचे माझे कपडे त्या हिशेबातून वजा केले. तिचे चुकले असे मला वाटत नाही.

सराव पहाटे. रंकाळ्याला दोन फेऱ्या, रविवारी वाघबिळाचा चढ चढून पन्हाळा. पुढे जोतिबाच्या डोंगराला लागून असलेल्या पोहाळ्याच्या लेण्यांपर्यंत जाऊ लागलो. सोबतीला वस्तीतलाच एक बावीस वर्षांचा तरुण असे. तो पंक्चरच्या दुकानात कामाला. सायकल त्याची स्वतःची नव्हती, दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने वापरायला दिलेली. पण सायकलीचा प्रत्येक सांधा त्याला माहीत. गिअर कसा टाकावा हे मी त्याच्याकडून शिकलो. चढ सुरू झाल्यावर गिअर बदलायचा नाही, चढ दिसला की आधीच हलका करून घ्यायचा. उभे राहून जोर मारायचा नाही, बसून, एका लयीत पायडल फिरवायचे. नाहीतर मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते मातीत घसरते.

शर्यतीत नाव देण्याची कल्पनाही त्याचीच. एका हौशी मंडळींच्या गटाने डिसेंबरात तीन दिवसांची डोंगरी शर्यत ठेवली होती. पहिला दिवस पन्हाळ्यावरून मसाई पठारमार्गे पांढरपाणी. दुसरा दिवस बाजारभोगाव, कळे, साळवण करीत गगनबावडा. तिसरा दिवस बोरबेटच्या बाजूने धामणी खोऱ्यात उतरून राधानगरी. रोज ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेच्या आत पोचायचे. त्यानंतर आलेला गडी शर्यतीतून बाद.

पहिला दिवस : जांभ्याचे पठार

पन्हाळ्यावर पहाटे साडेसहाला साठेक सायकली उभ्या होत्या. कित्येकांच्या सायकली लाखाच्या वरच्या. कुणी पुण्याचे अभियंते, कुणी डॉक्टर, कुणी व्यावसायिक. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझ्या सायकलीकडे पाहून आपुलकीने विचारले, “फर्स्ट टाइम का?” मी हो म्हणालो. मनात मात्र वाटले, हा आपला खेळ नव्हे, आपण चुकीच्या लग्नाला आलो आहोत.

म्हाळुंग्याच्या पुढे मसाई पठार लागले. सपाट म्हणून माणूस फसतो. वर जांभा दगड आहे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा तांबूस, सच्छिद्र खडक. घरे बांधायला उत्तम, सायकलला मात्र खवणी. प्रत्येक खळगा हातातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत जातो. चाकात हवा जास्त भरली तर सायकल उड्या मारते, फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून फुटते. माझ्या सोबत्याने निघतानाच दोन्ही चाकांतली हवा अंदाजाने थोडी कमी करून दिली होती. दिवसभरात मला एकही पंक्चर झाले नाही. महागड्या सायकली उलट्या करून बसलेले पाच-सहाजण मात्र वाटेत दिसले. त्यांतल्या दोघांना त्याने थांबून ट्यूब बसवून दिली.

पठारावरून कुंभारवाडी, खोतवाडी, पुढे आंबेवाडी असा रस्ता चढतो आणि उतरतो. हीच ती पन्हाळा ते पावनखिंड वाट, जिथून दर पावसाळ्यात शेकडो तरुण चालत जातात. उतार चढापेक्षा अवघड असतो, हे मला तिथे कळले. कंबर सीटच्या मागे न्यायची, दोन्ही पायडल समान उंचीवर ठेवायची, पुढचा ब्रेक दोन बोटांनी हलकेच दाबायचा. पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल थांबते आणि स्वार पुढे जातो. मी एकदा गेलो. कोपर सोलले, बाकी काही नाही.

सहा तास दहा मिनिटांनी पांढरपाणीला पोचलो. शेवटून दहावा. तरी आनंद मावेना.

हा खेळ आला कोठून?

रात्री शाळेच्या पडवीत अंथरुणावर पडल्या पडल्या पुण्याच्या एका स्वाराने या खेळाचा इतिहास सांगितला, आणि पुढे मी स्वतः वाचून तो पक्का केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या जड, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. तिचे नाव ‘रिपॅक’. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि एका फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून हे नाव. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी सायकल घडवली. अवघ्या वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. म्हणजे आज लाखांत किंमत असलेल्या या खेळाचा जन्म भंगारातल्या सायकलीवर झाला. हे ऐकून माझी सोळा हजारांची सायकल मला एकदम मानाची वाटू लागली.

अनेक दिवस चालणाऱ्या डोंगरी शर्यतींत दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’ सर्वांत नावाजलेली. ती २००४ साली सुरू झाली. आठ दिवस, आणि जोडीने धावायचे. जोडीतल्या दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असा नियम. म्हणजे जोरकस गड्याने थकलेल्याला मागे टाकून जायचे नाही. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालया’ ही अशीच कित्येक दिवसांची शर्यत सुरू झाली.

महाराष्ट्रालाही सायकलीचा वारसा आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही डोंगरवाटेची नव्हे, डांबरी रस्त्याची शर्यत, पण अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटातून ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. यांतले कुणीही पोटासाठी सायकल चालवणारे नव्हते. नोकरी-व्यवसाय सांभाळून सराव करणारी ही हौशी माणसे.

पण माझ्या मनातला प्रश्न वेगळा होता. या खेळात आपल्यासारख्या घरांतली मुले का दिसत नाहीत?

याचे उत्तर शोधताना मेजर टेलर हा माणूस सापडला. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ साली माँट्रियल येथे जगज्जेता झाला. त्याआधी, १८९४ साली तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवले होते. शर्यतीत गोरे स्वार त्याला घेरून कोंडीत पकडत, धक्के मारत. तरी तो जिंकला. मात्र १९३२ साली शिकागोत तो दारिद्र्यात मरण पावला. एकट्याचे कर्तृत्व केवढेही असो, मागे माणसे उभी नसतील तर शेवट असाही होतो.

दुसरे उदाहरण आशेचे आहे. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश शहराला लागून कायामंडी ही कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथला तरुण सोंगो फिपाझा आणि केप एपिक अनेकदा जिंकलेला स्विस सायकलपटू क्रिस्टोफ साउझर यांनी २००८ साली तिथल्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला. मुलांना सायकल मिळते, सराव मिळतो आणि सोबत शाळेच्या अभ्यासाकडेही लक्ष दिले जाते. सायकल आणि पाटी अशी जोडी त्यांनी लावली. आपल्या वस्त्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसरा दिवस : अकरा मिनिटे

दुसऱ्या दिवशी मी चूक केली. ती कुणाची नव्हती, माझी होती.

सकाळी जंगलाची वाट उतरताना बरे चालले होते. पण वेळ कमी पडेल या भीतीने बाजारभोगावच्या थांब्यावर मी केळी आणि गूळ-शेंगदाणे न खाता पुढे निघालो. शरीरात साठलेली साखर अशा जोरकस कामाला फार तर दीड-दोन तास पुरते. भूक लागल्यावर खायचे म्हटले तर उशीर झालेला असतो. कळ्याच्या पुढे डांबरी रस्ता लागला. कारखान्यांचा हंगाम, उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या, धूळ आणि ऊन. एकाएकी पायांतला जीव गेला. हातांना कंप सुटला, डोळ्यांपुढे रस्ता लांबट दिसू लागला. पोटऱ्यांत गोळे आले. मी उसाच्या फडाच्या कडेला बसलो.

माझा सोबती खूप पुढे असायला हवा होता. पण थांब्यावर मी दिसलो नाही, म्हणून तो वाट बघत थांबला होता. तो मागे फिरून आला. त्याने मला मीठ-साखरेचे पाणी पाजले, खिशातली राजगिऱ्याची वडी दिली. मी त्याला म्हणालो, “तू जा. तुझा नंबर येईल.”

तो म्हणाला, “काका, सावकाश या. पण या.”

आणि तो गेला. त्याने जायलाच हवे होते. त्या पोराने माझ्यासाठी आधीच पंधरा-वीस मिनिटे घालवली होती.

साळवणला तीनच्या आत पोचायचे होते. मी पोचलो तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटे झाली होती. तिथल्या पंचाने सौजन्याने सांगितले, “काका, सॉरी.” सायकल टेंपोत चढवली. गगनबावड्यापर्यंत टेंपोत बसून गेलो. त्या प्रवासात मला काय वाटले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. वस्तीत मी मुलांना सांगत आलो आहे की अभ्यास सोडू नका, व्यसन करू नका, सुरू केलेले काम पुरे करा. आता त्यांना काय तोंड दाखवणार? कर्जाचा हप्ता, पत्नीची वही, सगळे डोळ्यांपुढे आले.

रात्री घरी फोन केला. पत्नीने विचारले, “लागलं का कुठं?” कोपराचे सांगितले. मग मुलीने फोन घेतला. सगळे ऐकून ती म्हणाली, “पप्पा, उद्या सायकल चालवायला बंदी आहे का?”

मी आयोजकांना जाऊन विचारले. ते म्हणाले, बंदी नाही. वेळ धरली जाणार नाही, यादीत क्रमांक येणार नाही. चालवायची तर चालवा.

तिसरा दिवस : ताकाचा तांब्या

गगनबावड्याची डिसेंबरातली पहाट कडाक्याची थंड. सगळ्यांच्या मागून मी निघालो. घाई संपली होती. दर पाऊण तासाने थांबून खाल्ले, तहान लागण्याआधी पाणी प्यालो. बोरबेटच्या बाजूला चढ असा आहे की चांगले चांगले गडी उतरून सायकल ढकलत होते. मीही उतरलो. ढकलताना एका घराच्या पायरीवर बसलेल्या आजीने हाक मारली, “आरं बाबा, प्याट्रोल संपलं व्हय?” आणि हसत हसत ताकाचा तांब्या पुढे केला. मी कुठला, कुणाचा, हे तिने विचारले नाही. मी तांब्याला तोंड लावून ताक प्यालो आणि तिने तो तांब्या परत घेऊन घरात नेला.

तेव्हा मला वडील आठवले. तेही एका घरासमोर सायकलवरून उतरले होते. ते उतरले ते कुणाच्या तरी हुकमाने. मी उतरलो तो चढ होता म्हणून. एवढा फरक पडायला एक पिढी जावी लागली. सगळीकडे तो पडला आहे, असे मी म्हणणार नाही. पण त्या पायरीपाशी तो पडला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

धामणी खोऱ्यात उतरताना हात भरून आले, पण पडलो नाही. म्हासुर्लीच्या शाळेतली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी बाद झालेला आहे, हे त्यांना माहीत नव्हते. दुपारी चारच्या सुमारास राधानगरीत पोचलो. मांडव काढायला सुरुवात झाली होती. माझा सोबती मात्र चहाचा कप घेऊन उभा होता. तो त्याच्या गटात सातवा आला. बक्षीस पाचांपर्यंतच होते. उसाच्या फडाशी गेलेल्या वेळाचा हिशेब मी मनात मांडला, पण त्याने तो विषयच काढला नाही.

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे आकडा नाही, एक आडवी रेघ आहे. ती यादी मी जपून ठेवली आहे.

वाचकांसाठी चार गोष्टी

सायकल धरू इच्छिणाऱ्या बंधू-भगिनींसाठी, अनुभवाने शिकलेले थोडे सांगतो.

एक, चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर विचारल्याशिवाय लांब जाऊ नका. सायकल चालवताना साखर एकदम खाली येऊ शकते.

दोन, सीटची उंची बरोबर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. गुडघेदुखीची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

तीन, महागडी भुकटी किंवा बाटल्या लागत नाहीत. केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, दशमी आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते. मात्र भूक लागण्याआधी खायचे.

चार, हेल्मेटवर पैसे वाचवू नका. पहाटे किंवा रात्री निघताना मागे लाल दिवा लावा. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागून कधीही चिकटून जाऊ नका.

वस्तीत परतल्यावर मी मुलांपुढे जायला कचरत होतो. पण एकानेही नंबर विचारला नाही. त्यांनी विचारले, “पठारावर वारा लई असतो का?” “पडल्यावर काय केलं?” “आमाला न्याल का?”

आता माझा सोबती आणि मी मिळून भंगारातून सायकली दुरुस्त करतो. आजपर्यंत पाच झाल्या. सुटे भाग मिळतील तसे घालतो, वर्गणी जमेल तशी घेतो, हिशेब भिंतीवर लावतो. एका रविवारी अकरा मुले पोहाळ्याच्या लेण्यांपर्यंत पाळीपाळीने सायकली चालवत गेली. त्यांत चार मुली होत्या. सगळ्यांत पुढे माझी थोरली होती. नियम एकच आहे, सगळ्यांत मागच्यासाठी पुढच्याने थांबायचे, आणि ज्याने शाळा बुडवली त्याला त्या आठवड्यात सायकल नाही.

माझी साखर सध्या आटोक्यात आहे. हप्ते अजून सात राहिले आहेत. पुढच्या डिसेंबरसाठी पत्नीने वहीत एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे, “शर्यत फी”. त्यापुढे कंसात लिहिले आहे, “वेळेवर खाणार असाल तर.”